सोमवारची मूठ

पोशीर गावच्या सोनाबाईंचा एकाच गोष्टीवर पुरता विश्वास होता, आणि ती गोष्ट म्हणजे स्वतः सोनाबाई. कोणाच्या घरात काय शिजतंय, कोणाची सून कितव्या महिन्यात आहे, कोणाच्या कणगीचा तळ दिसू लागलाय, हे आपल्याला नुसत्या चुलीच्या धुरावरून कळतं असं त्या छातीठोकपणे सांगत. बाई पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, तोंडाने फटकळ. पण तिच्यापुढे गावचा पाटीलसुद्धा आवाज खाली आणून बोले. कारण गावात मूठ होती, आणि मूठ सोनाबाईंची होती.

ही मूठ मारायची नव्हे, द्यायची. दर सोमवारी सकाळी प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ निघत. सोनाबाई आणि त्यांची शेजारीण अंबूबाई टोपली घेऊन दारोदार फिरत आणि जमलेले तांदूळ सोनाबाईंच्या माजघरातल्या मोठ्या डेऱ्यात पडत. ज्या बाळंतिणीचं करायला कोणी नाही, तिला त्यातून सव्वा महिना पोटभर भात. ज्या पोरांचे आईबाप गेले, त्यांना नवं पीक घरात येईपर्यंत पेज.

याची सुरुवात कशी झाली ते सोनाबाई कोणालाही सांगत, विचारलं नाही तरी सांगत. अठराशे सत्त्याहत्तरच्या दुष्काळात त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी चंद्राबाई बाळंत झाली आणि नवव्या दिवशी मेली. ताप नाही, झटका नाही, बाई भुकेने मेली. भिंतीच्या अलीकडे सोनाबाईंच्या कणगीत चार मण भात होतं. "भिंत येकच, आन मला पत्ता नाय," हे सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज फाटत असे. या गावात पुन्हा बाई भुकेने मरायची नाही, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं. तेवीस वर्षं त्यांनी ते खरं करून दाखवलं, हे त्यांच्या वैऱ्यांनीही कबूल केलं असतं.

मुठीला नियम एकच. ज्या घरातून मूठ येते त्या घराला मुठीतून काही मिळायचं नाही. पहिल्याच वर्षी एका खात्यापित्या घरच्या बाईने सुनेच्या बाळंतपणाला डेऱ्यातले तांदूळ मागितले, तेव्हा भडकून सोनाबाईंनी तो घातला होता. आणि नियम सोपा होता. जी देते तिच्याकडे आहे. जिच्याकडे नाही ती "आज नाय" म्हणेल आणि मग तिची सोय होईल. पण ते "आज नाय" दारात उभं राहून अंबूबाईच्या देखत म्हणायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत साऱ्या पाणवठ्याच्या देखत म्हणायचं. ते एखाद्या बाईच्या किती जिवावर येईल, याचा विचार सोनाबाईंनी कधी केला नव्हता. त्यांच्यावर स्वतःवर तशी वेळ आली नव्हती.

एकोणिसशे साल उजाडलं तेच वाईट. आदल्या वर्षी पाऊस भादव्यातच पळाला होता आणि लोंब्या शेतात पोचट राहिल्या होत्या. तिकडे मुंबईत गाठीच्या तापाने माणसं मरत होती. गावच्या टोकाला चिंचेखाली चिमाचं घर होतं. तिचा नवरा मालोजी मुंबईला गोदीत हमालीला गेलेला. मार्गशीर्षापासून त्याचा ना निरोप, ना पैसा. चिमाला पाच वर्षांची बायजा होती, आणि माघात मुलगा झाला.

"मालोजीचं काय कळलं का गं?" असं कोणी विचारलं की चिमा म्हणे, "येतील ना. कामात असतील." आणि सोनाबाईंचा त्यावर विश्वास बसे, कारण चिमाच्या घरातून मूठ येत होती. एकही सोमवार चुकला नव्हता. पोराच्या बाराव्या दिवशीसुद्धा तिने ओल्या अंगाने उंबऱ्यापर्यंत येऊन मूठ घातली होती. ही गोष्ट तर सोनाबाईंनी गावभर मिरवली. "बारा दिसाची बाळंतीन, पन मूठ नाय चुकवली. ह्याला म्हनायचं घर!" असं त्या इतर सुनांना सुनावत, आणि इतर सुना मनातल्या मनात चिमाला शिव्या घालत.

फाल्गुन संपता संपता एका सोमवारी चिमाची मूठ टोपलीत पडली आणि सोनाबाईंचा हात थांबला. त्यांनी त्यातले चार दाणे उचलून तळहातावर पसरले. लाल जाडा पटणी होता, पांढरा बारीक कोलंबा होता, मध्येच कणी होती आणि एक खडाही होता.

"चिमे, ह्यो काय गं? येका मुठीत धा घरचं तांदूळ?"

चिमा पदर दातात धरून उभी राहिली.

"बाळंतिनीच्या तोंडात जायचं हे. कोंबड्यांपुढं टाकायचं नाय. द्यायचं तर नीट द्यावं बाय, नायतर देऊ नये."

शेजारच्या अंगणात दोघी जणी भांडी घासत होत्या. त्यांचे हात थांबले. चिमाने मान खाली घातली. "चुकलं काकी. फुडच्या सोमवारी निवडून दीन," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या सोमवारी चिमाच्या मुठीत एकही लाल दाणा नव्हता. कणी नाही, खडा नाही. नुसता पांढराशुभ्र, सारखा, बारीक तांदूळ, देवापुढच्या अक्षतांसारखा. सोनाबाई खूश झाल्या.

"बगितलंस अंबू? बोललं तर मानूस सुधारतं," त्या रस्त्याने म्हणाल्या. अंबूबाईने नेहमीप्रमाणे मान हलवली.

त्या वर्षी डेरा काठोकाठ भरला होता. गावात बाळंतपणं कमी झाली होती आणि मूठ नाकारणारं घर एकही नव्हतं. सोनाबाईंना हे मोठं शुभलक्षण वाटलं. वाईट साल आणि तरी एकाही घरातून "आज नाय" नाही, म्हणजे आपल्या गावाची पुण्याई. डेऱ्यातल्या तांदळाला तर कीड लागायला लागली होती. म्हणून चैत्रातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी त्यांनी पायलीच्या पायली तांदूळ अंगणात चटईवर उन्हात घातले आणि मग टोपली उचलून अंबूबाईला हाक मारली.

चिंचेखालच्या घराशी पोचल्या तेव्हा दार ओढलेलं होतं. हाक मारल्यावर बायजा बाहेर आली. एवढीशी मूठ घट्ट मिटलेली.

"आय कुठं गं?"

"निजलीय."

"आत्ता? सूर्व्या डोक्यावर आला की!"

बायजाने टाचा उंचावून टोपलीत मूठ उघडली. पांढरे दाणे पडले. दोन-तीन घामाने तिच्या तळव्याला चिकटून राहिले. पोरीने एकदा सोनाबाईंकडे पाहिलं, मग तळवा तोंडाशी नेला आणि जिभेने ते दाणे टिपून खाल्ले, कच्चेच. खाऊन झाल्यावर तळवा पुन्हा चाटला.

"आगं ए, कच्चं तांदूळ खाऊ नये. लगीन पावसात हुतं," सोनाबाई हसून म्हणाल्या आणि पुढच्या घराला लागल्या. पण ते चाटणं काही डोळ्यांपुढून हलेना. पोराच्या जातीला सगळं चाटायची खोडच असते, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दोन घरं झाली, तीन झाली. प्रत्येक दारात त्यांना तो लहानसा तळवा दिसत राहिला.

नाक्यावर सुलेमानचं धान्याचं दुकान होतं. त्याच्या बायकोचं नाव अमिरुन्निसा. एवढं लांब नाव गावाला झेपेना, म्हणून गाव तिला अमिराबी म्हणे. तीही पहिल्या वर्षापासून मूठ देत आली होती. तेव्हा कोणीतरी कुरकुर केली होती, तर सोनाबाईंनी त्याला असा झोडला की पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही.

अमिराबीने मूठ घातली आणि विचारलं, "सोनाबाय, ती चिमा कुठं गेली? तीन दिस झालं, झाडायला आली नाय."

"झाडायला? चिमा? तुमच्याकडं?"

"पौषापासनं येते की. सकाळी उजाडायच्या आत. मापताना उंबऱ्याम्होरं दानं सांडतात ना, ते झाडून न्हेते. मी म्हनलं, चिमा, पायलीभर घेऊन जा, मालोजी आल्यावर दे. तर नको म्हनते. म्हनते, आमच्या घरातनं मूठ जाते, आमी कसं उसनं मागू?"

"मग झाडन कशाला न्हेते?"

"कोंबड्यांसाठी. तिनंच सांगितलं."

सोनाबाईंनी टोपली खाली ठेवली. ठेवली म्हणण्यापेक्षा ती हातातून सुटली. दाणे उंबऱ्यावर सांडले.

"चिमाकडं कोंबड्या नायत," त्या म्हणाल्या. "कोंबड्या तिनं पौषात इकल्या. येक तलंग मीच घेतली." ती अजून अंड्यावर न आलेली तलंग स्वस्तात मिळाली म्हणून त्या दिवशी त्यांना आनंद झाला होता. का विकतेस, हे विचारायचं त्यांना सुचलंही नव्हतं.

अमिराबीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. दोघींनाही एकाच क्षणी लाल दाणे, पांढरे दाणे, कणी आणि खडा, सगळं दिसलं असावं. सोनाबाई वळल्या आणि धावत सुटल्या. तेवीस वर्षांत त्यांना धावताना गावाने कधी पाहिलं नव्हतं. लोक ओट्यांवर उभे राहिले.

दार लोटलं तेव्हा आत चुलीत राख होती, आणि ती राखही थंड होती. चिमा कोपऱ्यात गोधडीवर पडली होती. डोळे उघडे होते, पण सोनाबाई आल्याचं त्या डोळ्यांना कळलं नाही. पोर तिच्या छातीशी होतं. दोन महिन्यांचं पोर, म्हाताऱ्यासारखं सुकलेलं. ते रडत नव्हतं. ओठ तेवढे अधूनमधून हलत होते, आणि जे ओढायचं ते तिथे नव्हतंच.

"चिमे! आगं चिमे!"

बायजा भिंतीशी उभी होती. तिच्या पायाशी दोन करवंट्या होत्या. एक चाटूनपुसून रिकामी. दुसऱ्या करवंटीत पांढरे तांदूळ होते, दोनेक मुठी भरतील एवढे.

सोनाबाईंनी ती करवंटी उचलली.

"हे काय गं बायजा?"

"पांढरं मुठीचं," बायजा शहाण्यासारखं सांगू लागली. "लाल आन कनी आमची. आय निवडायची. लाल संपलं परवा."

"मग हे का नाय शिजवलंस? हे व्हतं की घरात!"

बायजाला प्रश्नच कळला नाही. इतकी साधी गोष्ट आजीला कशी ठाऊक नाही, असं तिने पाहिलं.

"ते सोमवारचं हाय. त्याला हात लावायचा नाय. तू वरडशील ना."

घरात तांदूळ होते. तीन दिवस चूल थंड होती, आणि वीतभर अंतरावर करवंटीत तांदूळ होते, त्यांच्या भीतीने राखलेले. पांढरेच हवेत, निवडूनच हवेत, हे त्यांनीच दारात उभं राहून सांगितलं होतं. त्या आधी निदान सगळं एकत्र तरी होतं.

मागोमाग अमिराबी आली, शेळीच्या दुधाची कासंडी घेऊन. अंबूबाईने धापा टाकत चूल पेटवली. सोनाबाईंनी पदराची चिंधी फाडली, तिची वात केली, दुधात बुडवून पोराच्या ओठांवर धरली. पोराने ती ओढली. एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली, दोन्ही वेळा घशाखाली घोट गेल्याचं दिसलं, आणि अमिराबी मोठ्याने "या अल्ला" म्हणाली. तिसऱ्यांदा वात नुसतीच ओठांवर राहिली. दूध हनुवटीवरून मानेत गेलं. सोनाबाई वात धरून बसल्या होत्या. अंबूबाईने त्यांचा हात धरून बाजूला केला, तेव्हा त्यांना कळलं.

चिमाच्या तोंडात पेजेचे चार चमचे गेले होते. तेवढ्याने तिला शुद्ध आली, आणि ती नेमकी अशा वेळी आली. तिने पोराकडे पाहिलं. रडण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं.

"का नाय गं बोललीस?" सोनाबाई ओरडल्याच. राग कोणावर काढावा हे त्यांना समजत नव्हतं. "येकदा आज नाय म्हनायचं व्हतंस! डेरा भरलाय माज्या घरात! येकदा म्हनायचं व्हतंस!"

चिमा इतक्या हळू बोलली, की सोनाबाईंना कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"तुमीच समद्यांना सांगत व्हतात काकी. बाराव्या दिशी बी चिमाची मूठ आली म्हनून. मंग आता कसं सांगू?"

संध्याकाळी पोराला पुरून झाल्यावर सोनाबाई घरी आल्या. अंगणात चटईवर तांदूळ तसेच पसरलेले होते, उचलायचे राहून गेलेले. त्यांच्या मधोमध चिमाकडून घेतलेली ती तलंग उभी राहून निवांत दाणे टिपत होती. पोट फुगलं होतं तिचं. सोनाबाईंनी तिला हाकललं नाही. त्या अंगणाच्या कडेला बसल्या आणि तिचं खाणं संपेपर्यंत बघत राहिल्या. चंद्राबाई मेली तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं, हे एक होतं. यावेळी तर त्या दर सोमवारी त्या दारात उभ्या होत्या. दारात उभं राहून त्यांनी त्या पोराच्या तोंडचं मोजून, पारखून, निवडून नेलं होतं आणि इथे किड्यांना आणि कोंबडीला घातलं होतं.

चिमाला आणि बायजाला सोनाबाईंनी स्वतःच्या घरी आणलं. दोन वेळा पेज, मग भात, मग भातावर तूप. चिमा जेवत होती. बायजा मात्र पानात पांढरा भात पडला की आधी आईच्या तोंडाकडे बघे, मग सोनाबाईंच्या, आणि मग एकेक शीत उचली. आठवड्याच्या शेवटी चिमा हट्टाने आपल्या घरी परत गेली. सोनाबाईंनी दिलेले पायलीभर तांदूळसुद्धा तिने उंबऱ्याबाहेरच ठेवले.

सोमवारी सकाळी अंबूबाई टोपली घ्यायला आली, तर सोनाबाई एका मोठ्या मडक्याच्या तोंडाला काळं फडकं बांधत होत्या. फडक्याला मधोमध हात जाईल एवढी चीर पाडली होती. मडकं अर्धं तांदळानं भरलेलं होतं.

"ह्यो काय परकार?"

"आजपासनं मूठ झाकलेली. परत्येकीनं मूठ मिटून हात आत घालायचा आन मूठ मिटूनच बाहेर काढायचा. कोन घालतं, कोन काढतं, बगायचं नाय. मी बी नाय, तू बी नाय."

अंबूबाईला ते पटायला वेळ लागला. "आगं पन लबाड घरं असतात. ज्यांच्याकडं हाय ती बी काढतील."

"काढू देत."

"आन मडकं रितं झालं तर?"

"झालं तर झालं! तेवीस वर्सं मी डोळ्यांत तेल घालून राखलं, अंबू. काय राखलं? सांग ना, काय राखलं मी?"

अंबूबाईने मडकं कमरेवर घेतलं.

पहिल्या घरापासून गोंधळ झाला. बायका बिचकल्या, हसल्या, काहींनी जुन्या सवयीने मूठ उघडून दाखवली, आणि सोनाबाईंनी लगेच तोंड फिरवलं. दर दारात त्या तोंड फिरवून उभ्या राहत. कधी चिंचेकडे, कधी डोंगराकडे बघत. ज्या बाईला गावातल्या प्रत्येक चुलीचा धूर पाठ होता, तिने त्या दिवशी गावातलं काही म्हणता काही पाहिलं नाही. तीन घरी अंबूबाईला मडकं हलकं झाल्यासारखं वाटलं. ती तीन घरं कुठली, ते तिने पुढे कधीही कोणाला सांगितलं नाही, आणि अंबूबाईच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

मग चिंचेखालचं घर आलं. चिमा दारात आली, पण उंबऱ्याच्या आतच थांबली. दोघी एकमेकींकडे बघू शकल्या नाहीत. चिमाने बायजाच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं.

सोनाबाईंनी पाठ फिरवली. मागे मडक्यात हात गेल्याचा आवाज आला, तांदळातून बोटं फिरल्याचा. मग तो आवाज थांबला आणि बराच वेळ काहीच झालं नाही. पोरीचा हात आतच होता.

"आजी," बायजा फडक्याशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आत दिसत नाय गं. पांढरं आलं हातात, तर चालंल?"

सोनाबाईंनी पाठ तशीच ठेवली. "चालंल गं बाय," त्या म्हणाल्या, "चालंल," आणि पदर तोंडात कोंबून त्या तिथेच, भर रस्त्यात, हुंदके देऊन रडू लागल्या.